भिंतीवर काय लावावं?



दिवाळीनंतर आमच्या मुलानं पुण्यात घर घेतलं. सून हौशी आहे आणि तिची निवडही चांगली असते. तिनं मला मोबाइलवर चार चित्रांचे फोटो पाठवले. एकात सात पांढरे घोडे धावत होते. दुसऱ्यात सोनेरी रंगाचं बुद्धाचं नुसतं डोकं होतं. तिसऱ्यात कमळांचं तळं आणि चौथ्यात फक्त निळे-करडे पट्टे. खाली लिहिलं होतं, "आई, हॉलच्या मोठ्या भिंतीवर यातलं कोणतं लावू? दुकानदार म्हणतो घोडे लावले की बरकत येते."

मी "कमळ" असं लिहून मोकळी होणार, तेवढ्यात मुलाचाच फोन आला. "आई, आजीच्या खोलीत ते विहिरीचं चित्र होतं ना? माणूस फांदीला लोंबकळतोय, खाली साप आहेत, ते? ते आहे का गं अजून? तेच लावू."

मी काही बोललेच नाही. कारण ते चित्र मी माझ्या हातानं भंगारवाल्याला दिलं होतं. ती गोष्ट पुढे सांगते. पण त्या रात्री झोप लागली नाही. सुनेच्या साध्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं, हेही लक्षात आलं. घरात कोणतं चित्र लावावं, का लावावं, हे आपल्या आधीच्या लोकांनी कधी ठरवलं होतं का? मी कॉमर्सची पदवीधर. इतिहास शाळेनंतर सुटला. तरी दोन-तीन महिने मिळेल ते वाचलं, मंदिरातल्या कपाटातली पुस्तकं घरी आणली. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

तेरची घरं

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करते. तेर आपल्याला माहीत आहे ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून आणि आपल्या महावीर भगवंतांचं अतिशय क्षेत्र म्हणून. पण दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात हे तगर नावाचं मोठं व्यापारी शहर होतं. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या पुस्तकात तगरचं नाव आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं शहर, असं त्यात सांगितलं आहे. इथून कापड गाड्यांत भरून भरूचच्या बंदरावर जायचं आणि तिथून समुद्रापलीकडे.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. लामतुरे तेरचेच. गावात, शेतात, पांढरीच्या मातीत जे जे सापडेल ते त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केलं. आपण बायका तेरला जातो, दर्शन घेतो आणि परत येतो. पुढच्या वेळी तासभर काढून संग्रहालयात जा. तिथे पांढऱ्या चिकणमातीच्या छोट्या छोट्या मूर्ती आहेत. दोन साच्यांत दोन अर्धी अंगं दाबून ती जोडायची आणि मग भाजायची, अशी त्यांची पद्धत होती. मूर्ती आतून पोकळ, त्यामुळे हलकी. अंबाडा, कानातले, कमरपट्टा सगळं बारकाईनं घडवलेलं. साच्यातली म्हणजे एकासारख्या अनेक निघणार. म्हणजे ही कला एकट्या राजाच्या महालासाठी नव्हती, साध्या घरांतही जात असणार.

तिथेच हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच एक मूर्ती 1938 साली कुठे सापडली असेल? इटलीत, पाँपेई नावाच्या गावातल्या एका घरात! हे गाव इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. ती मूर्ती भारतातून गेलेली, यात शंका नाही. तेरच्या आणि भोकरदनच्या मूर्तींशी तिचं साम्य अभ्यासकांनी दाखवलं आहे. तिच्या डोक्यातून खाली भोक आहे. त्यावरून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या लाकडी सामानाचा पाय असावी, असे अंदाज आहेत.

मला हेच फार आवडलं. ती नुसती दिवाणखान्यात ठेवून पाहुण्यांना दाखवायची वस्तू नव्हती, रोज हातात येणारी होती. आपल्या आजीच्या कुंकवाच्या करंड्यावर मोर असायचा, अडकित्त्यावर राघू असायचा, तसंच हे.

श्रीमतीनं काढलेलं चित्र

दुसरी गोष्ट आदिपुराणातली. आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात ते लिहिलं. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष त्यांना गुरू मानायचा. त्याची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचं मळखेड, आपलं उमरगा ओलांडून कर्नाटकात गेलं की कलबुर्गी जिल्ह्यात. म्हणजे हे पुराण आपल्या शेजारचंच.

त्यात श्रीमती नावाच्या राजकन्येची कथा आहे. तिला अचानक मागचा जन्म आठवतो. त्या जन्मी ती स्वयंप्रभा देवी होती आणि ललितांग देव तिचा पती होता. तो आता कुठे जन्मला असेल, हे कळायला मार्ग नाही. ती खाणंपिणं, बोलणं सोडते. मग तिच्या पंडिता नावाच्या दाईजवळ मन मोकळं करते आणि मागच्या जन्मातले प्रसंग एका पटावर रंगवते. काही खुणा मुद्दाम झाकून ठेवते, म्हणजे खरा माणूस कोण आणि सोंग घेणारा कोण ते कळावं. पंडिता तो पट घेऊन जिनमंदिरात जाते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असा पसरून बसते. पुष्कळ जण बघतात. काही जण ओळखल्याचं नाटक करतात आणि उघडे पडतात. मग वज्रजंघ येतो, चित्र बघतो आणि त्याला सगळं आठवतं.

वज्रजंघाचा जीव पुढे आदिनाथ भगवान झाला आणि श्रीमतीचा जीव राजा श्रेयांस झाला. त्यानंच भगवंतांना उसाच्या रसाचा पहिला आहार दिला. आपण अक्षय तृतीया करतो ती त्याचीच आठवण.

ही कथा मी लहानपणापासून ऐकली होती, पण त्यातलं चित्र कधी लक्षात घेतलं नव्हतं. एका बाईनं स्वतःच्या हातानं काढलेलं चित्र, दुसऱ्या बाईनं जागा आणि वेळ निवडून मांडलेलं. ते कोणी बघावं, कसं बघावं, याचा दोघींनी विचार केला होता. आणि चित्राचं काम काय, तर विसरलेलं आठवून देणं. आपल्या परंपरेत चित्राकडे असं बघितलं जायचं.

टांकसाळीतला श्रावक

आता ज्याच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला त्या माणसाकडे येते. त्याचं नाव ठक्कुर फेरू. हा श्वेतांबर श्रावक, सातशे वर्षांपूर्वी दिल्लीत सुलतान अलाउद्दीन खिलजीच्या खजिन्यात कामाला होता आणि पुढे टांकसाळीत. रत्नांची पारख, नाण्यांची पारख, अंकगणित या सगळ्यांवर त्यानं प्राकृतात ग्रंथ लिहिले. नाण्यांवरच्या पुस्तकात कोणत्या राजाच्या नाण्यात किती चांदी आणि किती तांबं, याचे तक्ते आहेत. या ग्रंथांची हस्तलिखित पोथी गेल्या शतकात अगरचंद आणि भंवरलाल नाहटा यांना कोलकात्यात सापडली. हिशेबातला माणूस म्हणून मला तो आपल्या घरातलाच वाटला.

1315 साली त्यानं 'वास्तुसार' लिहिलं. घर कसं बांधावं, मूर्ती कशी घडवावी, मंदिर कसं उभारावं, असे त्याचे तीन भाग आहेत. घराच्या भागात त्यानं भिंतीवरच्या चित्रांची चक्क यादी दिली आहे. काय नको आणि काय हवं, दोन्ही.

नको ते असं: योगिनींची चित्रं, नाचाचे देखावे, महाभारत-रामायणातले प्रसंग, राजांच्या लढाया, ऋषींची चरित्रं, देवांची चरित्रं.

हवं ते असं: फळांनी लगडलेलं झाड, फुललेली वेल, सरस्वती, नवनिधींसह लक्ष्मी, कलश, आनंदसोहळ्याचा देखावा आणि स्वप्नांची माला. स्वप्नं म्हणजे तीर्थंकरांच्या मातेला पडलेली स्वप्नं. आपल्यात सोळा मानतात, श्वेतांबरांत चौदा.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकले. लढाया नकोत हे समजलं. रोज उठून मारामारी बघायची, मुलांनी ती बघत जेवायचं, हे अहिंसा मानणाऱ्या घराला शोभत नाही. पण ऋषींची चरित्रं का नकोत? देवांची का नकोत? आपल्या घरात तर महाराजांचे फोटो असतात, तीर्थक्षेत्रांची चित्रं असतात!

पुढचं वाचल्यावर थोडा उलगडा झाला. घरात पुजायची मूर्ती अकरा अंगुळांपर्यंतचीच असावी, त्याहून मोठी मंदिरात, असंही तो पूर्वाचार्यांच्या आधारानं सांगतो. म्हणजे घर आणि मंदिर यांत तो सीमा आखतो आहे. मंदिरात आपण अंघोळ करून, चप्पल काढून, मन आवरून जातो. घरात आपण भांडतो, झोपतो, आजारी पडतो, कधी कोणावर ओरडतो. त्या सगळ्यासमोर पूज्य व्यक्तीला बसवायचं तर त्याची जबाबदारी येते. ती पेलत नसेल तर कलश लावा, वेल लावा, फळांचं झाड लावा. त्यांचा अपमान होत नाही आणि मन प्रसन्न राहतं.

मी त्याची यादी जशीच्या तशी मानत नाही. पण त्याचा प्रश्न मला पटला. तो चित्र किती सुंदर आहे हे विचारत नाही आणि किमतीचं तर नावही काढत नाही. या घरात राहणाऱ्यांनी रोज हे बघायचं, तर ते त्यांना काय करेल, एवढाच त्याचा विचार आहे. आणि हे ज्याचं आयुष्य रत्नं आणि नाणी मोजण्यात गेलं त्यानं लिहिलं आहे!

माळवदाच्या घरातल्या तसबिरी

आता आपल्याकडच्या घरांत या. मी लग्न होऊन आले ते घर माळवदाचं होतं. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, सागवानी खांब, वर मातीचं छत. अशा भिंतींत चित्रापेक्षा कोनाडे जास्त. एका कोनाड्यात दिवा, एकात पोथी, एकात सासूबाईंचा आरसा-फणी. चौकटीवर कुंकवानं काढलेला स्वस्तिक, त्यावर तीन बिंदू आणि चंद्रकोर. सणाला भिंतीला चुना आणि त्यावर गेरूची नक्षी. घरची कला बायकांच्या बोटांत होती आणि दरवर्षी नवी व्हायची.

कागदावर छापलेलं रंगीत चित्र आपल्याकडे यायला एकोणिसावं शतक संपत आलं. पुण्यात 1878 साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं चित्रशाळा छापखाना निघाला. त्यांचं रामपंचायतन घरोघरी गेलं. 1894 मध्ये राजा रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. तोवर मोठं रंगीत चित्र म्हणजे राजेरजवाड्यांची गोष्ट. आता काही आण्यांत लक्ष्मी आणि सरस्वती शेतकऱ्याच्या भिंतीवरही आल्या. ज्यांना देवळात पाऊल टाकू देत नव्हते त्यांच्याही घरात देव आले, ही मोठीच गोष्ट झाली.

गंमत बघा, फेरूच्या यादीतल्या सरस्वती आणि लक्ष्मी याच छापखान्यांतून आल्या! आमच्या घरातही रविवर्म्याची सरस्वती होती. दुकानाच्या गल्ल्यावर लक्ष्मी होती. पुढे कॅलेंडरं आली, रघुवीर मुळगावकरांची चित्रं आली. वर्ष संपलं की कॅलेंडरचं चित्र कापून काचेत बसवायचं. तसबिरी भिंतीच्या वरच्या टोकाला, खाली झुकलेल्या, ओळीनं. एकीची काच तडकलेली, एकीत झुरळाचं अंडं. आमच्या पिढीला ते जुनाट वाटू लागलं, यात नवल नाही.

पण त्या ओळीत आपल्या जैन घरांची म्हणून दोन चित्रं असायची. तुमच्यापैकी पन्नाशीपुढच्या बहुतेकींना ती आठवतील.

जांभळाचं झाड आणि विहिरीतला माणूस

पहिलं षड्लेश्येचं. जांभळानं भरलेलं झाड आणि सहा भुकेले माणसं. एक मुळापासून झाड तोडायला निघालाय. दुसरा बुंध्यापासून मोठी फांदी तोडतोय. तिसरा लहान फांदी, चौथा घोस, पाचवा फक्त पिकलेली फळं खुडतोय आणि सहावा खाली पडलेली वेचून खातोय. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म, शुक्ल. भूक सगळ्यांची सारखीच, पण ती भागवायची रीत प्रत्येकाची वेगळी. गोम्मटसारात हा दृष्टांत आहे. गोम्मटसार आपण किती जणी वाचणार? पण हे चित्र बघून आमच्या घरातलं पोर पाचव्या वर्षी भावाला म्हणायचं, "तू काळ्या लेश्येचा!"

दुसरं मधुबिंदूचं. रानात वाट चुकलेल्या माणसामागे हत्ती लागतो. पळता पळता तो विहिरीत पडतो आणि वडाची लोंबती फांदी हाती लागते म्हणून तिला धरून राहतो. खाली अजगर तोंड उघडून बसलाय, चार कोपऱ्यांत चार साप. वर एक पांढरा आणि एक काळा उंदीर ती फांदी कुरतडतायत. हत्ती झाड हलवतोय, त्यानं पोळं उठलंय, मधमाश्या डसतायत. आणि पोळ्यातून मधाचा एक थेंब त्याच्या ओठांवर पडतो. वरून विमानातून जाणारा विद्याधर थांबतो, म्हणतो, चल, वर ये. हा म्हणतो, थांबा, एवढा एक थेंब पडू द्या.

हत्ती म्हणजे मृत्यू. उंदीर म्हणजे शुक्ल आणि कृष्ण पक्ष. फांदी म्हणजे आयुष्य. साप चार गतींचे. माश्या म्हणजे रोगराई आणि घरातल्या कटकटी. मध म्हणजे काय, ते ज्याचं त्यानं ओळखावं.

हे आपल्यापुरतंच असेल असं मला वाटायचं. पण वाचताना कळलं की ही कथा महाभारताच्या स्त्रीपर्वातही आहे, विदुर ती धृतराष्ट्राला सांगतो. आपल्याकडे हरिभद्रसूरींनी, अमितगती आचार्यांनी ती सांगितली. इथून ती अरबी भाषेत गेली, तिथून जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन. इटलीत पार्मा गावी आठशे वर्षांपूर्वीच्या एका ख्रिस्ती प्रार्थनास्थळाच्या दारावर ती दगडात कोरली आहे: झाडावर बसलेला माणूस, मूळ कुरतडणारे दोन प्राणी, खाली आग ओकणारा ड्रॅगन आणि वर मधाचं पोळं. रशियाच्या टॉलस्टॉयनं आयुष्याचा अर्थ काय म्हणून विचार केला, तेव्हा त्यालाही हाच लोंबकळणारा माणूस आठवला आणि त्यानं आपल्या आत्मनिवेदनात तो घातला. आपल्या सासूबाईंच्या खोलीतलं चित्र इतक्या लांब जाऊन आलेलं होतं आणि आपण ते जुनाट समजत होतो.

कुंथलगिरीचा फोटो

तिसरी तसबीर चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांची. आपल्या भूम तालुक्यातलं कुंथलगिरी हे कुलभूषण-देशभूषण मुनींचं सिद्धक्षेत्र. महाराजांनी तिथे 14 ऑगस्ट 1955 रोजी सल्लेखना घेतली आणि छत्तिसाव्या दिवशी, 18 सप्टेंबरला, समाधी झाली. देशभरातून माणसं लोटली होती. सव्विसाव्या दिवशी त्यांचा शेवटचा उपदेश मराठीत ध्वनिमुद्रित केला गेला. अन्न सोडलेल्या त्या देहातला आवाज आजही ऐकता येतो.

सासूबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. भर पावसाळ्यात, चिखलातून बैलगाडीनं त्या दर्शनाला गेल्या होत्या. लांबून एकदाच दिसले, असं त्या सांगायच्या. पुढे कोणीतरी फोटो आणून दिला तो त्यांनी काचेत घालून घेतला. त्या फोटोखाली त्यांनी कधी आवाज चढवला नाही. भांडायचं झालं तर स्वयंपाकघरात यायच्या! मला तेव्हा हसू यायचं. आता फेरू वाचल्यावर कळतं की पूज्य व्यक्तीला भिंतीवर लावण्याची किंमत त्या रोज भरत होत्या.

कुलभूषण-देशभूषणांची कथाही बघण्याचीच आहे. गुरुकुलातून परतणाऱ्या दोन राजपुत्रांना गवाक्षात एक सुंदर मुलगी दिसते. दोघांच्या मनात अभिलाषा येते. मग कळतं की ती तर आपली सख्खी बहीण. आपल्या डोळ्यांची त्यांना इतकी लाज वाटते की ते घरी न जाता दीक्षा घेतात. डोळ्यांसमोर काय येतं आणि त्यानं मनात काय उठतं, याकडे आपल्या लोकांचं किती लक्ष होतं!

माझी चूक

आता राहिलेली गोष्ट सांगते.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. किल्लारीकडे, सास्तूरकडे, उमरग्याकडे जे झालं ते सांगायला नको. ज्या जाड भिंतींचा आधार वाटायचा, त्याच माणसांवर पडल्या. आमच्या घराला फक्त तडे गेले, सगळ्या तसबिरी खाली आल्या आणि खोलीभर काचा झाल्या. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची, तिच्या अंथरुणाशेजारी सरस्वतीची चौकट पडली होती.

वर्षभरात माळवद पाडून स्लॅबचं घर बांधलं. मला सगळं नवं, मोकळं, हलकं हवं होतं. भिंतीवर काही नको, असं मी ठरवूनच टाकलं. एक भंगारवाला दारावर आला. त्याला चित्रांशी देणंघेणं नव्हतं, सागवानी चौकटी हव्या होत्या. मी महाराजांचा फोटो ठेवला आणि बाकी सगळं दिलं. किती पैसे आले तेही आठवत नाही, आणि मी तर पै पै लिहून ठेवणारी बाई!

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या मला कधी अडवत नसत. एवढंच म्हणाल्या, "त्यातली गोष्ट आता कशावरून सांगायची?"

मी म्हटलं, "तोंडी सांगा की."

त्यांनी नाही सांगितली. म्हणजे सांगायची वेळच आली नाही. पूर्वी मूल बोट दाखवून विचारायचं, "आजी, हा माणूस असा का लटकलाय?" आणि गोष्ट सुरू व्हायची. रिकाम्या भिंतीकडे बघून कोण काय विचारणार? माझ्या मुलानं ती गोष्ट पन्नास वेळा ऐकली. मुलीनं एकदाही नाही. एकाच घरातली दोन भावंडं, एकाच आजीची. सासूबाई 2003 मध्ये गेल्या. मुलीला मधुबिंदू माहीत नाही, हे मला मुलाचा फोन आला त्या दिवशी कळलं.

मग काय ठरलं?

सुनेला मी सगळं खरं सांगितलं. घोडे नकोत असं मी म्हटलं नाही. घोडा हे संभवनाथ भगवंतांचं लांछन आहे, घोड्याशी आपलं वैर नाही. पण बरकत घोड्यानं येत नाही, हिशेब चोख ठेवल्यानं येते, एवढं म्हटलं. बुद्धाच्या डोक्याबद्दल इतकंच की ज्यांना ते पूज्य आहेत त्यांना आपल्या शोपीसचं काय वाटेल, याचा विचार करावा. आपल्या भगवंतांचं नुसतं डोकं कोणी सोफ्यामागे टांगलं तर आपल्याला चालेल का? तिला पटलं. निळे पट्टे तिला मनापासून आवडले होते. ते तिनं स्वतःच्या कामाच्या खोलीत लावले आणि ते तिथे छान दिसतात. हॉलमध्ये कमळांचं तळं लागलं. फेरूच्या यादीत बसतं, आणि तिचीही आवड राहिली.

महाराजांचा फोटो मी दिला नाही. तो इथेच माझ्याजवळ आहे. पुण्याच्या हॉलमध्ये टीव्ही असतो, पार्ट्या असतात. ती किंमत भरायची त्यांची तयारी झाली की नेतील.

मधुबिंदूचं चित्र माझ्या माहेराकडच्या एका मंदिरातल्या भिंतीवर आहे. विश्वस्तांना विचारून त्याचा चांगला फोटो काढून घेतला, कापडावर छापून घेतला, साधी चौकट केली. ते जेवणाच्या टेबलाजवळ लावलं. सून म्हणाली, "मधाचा थेंब आहे, इथंच बरं." उंचीही ठरवून ठेवली. जुन्या तसबिरींसारखं छताला नाही, तर खुर्चीवर बसलेल्या मुलाच्या नजरेसमोर. काच नाही, दोन खिळ्यांवर पक्कं बसवलेलं, पलंगाच्या वर तर मुळीच नाही. भूकंप बघितलेली बाई हे विसरत नाही. आणि ज्या भिंतीला बाहेरून पावसाचा मार आहे ती टाळली, ओल आली की कापडावर बुरशी धरते.

मागच्या महिन्यात गेले होते. सहा वर्षांची नात वरणभात खाता खाता बोट दाखवून म्हणाली, "आजी, वरती विमान आलंय तर हा जात का नाही?"

मी घास हातात धरूनच गोष्ट सांगायला सुरुवात केली. मुलगीही आली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

मैत्रिणींनो, एक विनंती. तुमच्या घरी जुन्या तसबिरी असतील, माळ्यावर, कपाटामागे, तर त्या काढून टाकण्याआधी उलटून बघा. मागे पेन्सिलनं लिहा: कोणी आणली, अंदाजे कोणत्या साली, चित्रात काय आहे, ती गोष्ट घरात कोणाला येते. चार ओळींची नोंद. मग ठेवायची की द्यायची ते ठरवा. द्यायचीच असेल तर चौकटीसाठी भंगारात नको. आधी मंदिरात विचारा, नात्यातल्या मुलाबाळांच्या घरी विचारा. आणि फारच जीर्ण असेल तर निदान एक चांगला फोटो काढून घ्या.

आमच्या नव्या चित्रामागे मी लिहिलं आहे. सासूबाईंचं नाव पहिलं घातलं.

जयजिनेंद्र.